आडवी चाल, स्वस्त गाडी

गाडीचं नाक वळणाच्या आतल्या कठड्याकडे आहे. पुढची चाकं नाकाच्या बरोबर उलट बाजूला वळलेली आहेत. मागची चाकं स्वतःच्याच धुरात दिसेनाशी झाली आहेत. आत बसलेला माणूस बाजूच्या खिडकीतून पाहतो आहे, कारण रस्ता त्या बाजूला आहे. एवढं सगळं उलटसुलट असूनही गाडी एका लयीत वळण घेत चालली आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गेली, हातची गेली. त्याचं काही चुकत नाही. मागच्या टायरांनी रस्ता सोडलेला असतोच. सुटलेली गाडी पुढच्या वळणापर्यंत तशीच सुटलेली ठेवायची, याला ड्रिफ्टिंग म्हणतात.

हे शिकायला पहिली गाडी कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की डोळ्यांपुढे येतात ती सिनेमातली धूडं: टर्बो, सहाशे अश्वशक्ती, रुंद टायर. पण ज्यांनी हात झिजवले आहेत ते नवख्याला बोट दाखवतात एखाद्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या, दोन-चार पोचे आलेल्या, बेताच्या ताकदीच्या गाडीकडे. यात काटकसर आहेच. पण ती गाडी गुरू म्हणून चांगली का, हे शोधायला बसलं की टायरच्या रबरात काय चालतं इथपासून सुरुवात करावी लागते, आणि मग थक्क व्हायला होतं.

टायर जिकडे तोंड करून आहे नेमका तिकडेच चालत असेल तर तो बाजूला कसलाही जोर लावत नाही. वळताना टायरचं तोंड आणि त्याची चाल यांत थोडा कोन पडतो, रस्त्याला टेकलेलं रबर पिळलं जातं, आणि त्या पिळातून गाडीला वळवणारा जोर निघतो. हा कोन वाढत गेला की जोरही वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. रस्त्यावरच्या साध्या टायरची ती मर्यादा साधारण आठ-दहा अंशांची. त्यापुढे रबर धरण्याऐवजी घसरायला लागतं आणि जोर थोडा उतरतो. पूर्ण नाहीसा होत नाही, थोडा उतरतो. ड्रिफ्टिंगचा सगळा संसार या ‘थोडा’वर उभा आहे.

दुसरी गोष्ट अशी की टायरकडे पकडीची शिल्लक ठरावीक असते. ती पुढे ढकलण्यात खर्च केली तर बाजूला धरून ठेवायला कमी उरते. मागचं चाक गाडीच्या वेगापेक्षा फार जोरात फिरायला लागलं, की घर्षण बहुतेक सगळं त्या फिरण्यातच संपतं आणि गाडीचं बूड बाहेर निसटतं. अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला की चाक मंदावतं, बाजूची पकड परत येते, बूड आत येतं. म्हणजे पहा, गाडी किती आडवी राहणार हे आता उजवा पाय ठरवतो. पुढची चाकं मोकळी फिरत असतात, त्यांची पकड शाबूत असते. त्यांचं काम एवढंच, की गाडी जिकडे निघाली आहे तिकडे पाहत राहायचं. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी गाडी इथेच बाद होते. हँडब्रेक ओढून तिचं बूड एकदा फेकता येतं, पण फेकलेलं बूड बाहेर राखायला मागच्या चाकांत जोर लागतो, आणि तो तिच्याकडे नाही. म्हणून पहिली अट, रिअर व्हील ड्राइव्ह. दुसरी, हाताने बदलायचे गिअर. त्याचं कारण पुढे येईल.

या खेळातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे स्टिअरिंग सोडून देणं. बूड बाहेर गेलं की नवखा माणूस घाबरून चाक उलटं फिरवायला धडपडतो, आणि त्याचे हात नेहमीच उशिरा पोचतात. सरावलेला माणूस पकड ढिली करतो. चाक त्याच्या बोटांमधून आपण होऊन गरगर फिरतं आणि बरोबर हव्या त्या जागी येऊन थांबतं. यामागे जादू नाही. पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात तो अक्ष वरच्या टोकाला थोडा मागे झुकलेला असतो. तो खाली रस्त्यापर्यंत वाढवला तर टायर जिथे टेकतो त्याच्या थोडा पुढे पडतो. त्यामुळे टायर सतत आपल्या अक्षामागून ओढला जातो आणि गाडी ज्या दिशेने निघाली असेल तिकडे स्वतःच वळतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. तो ठेवला सरळ रस्त्यावर गाडी सरळ चालावी म्हणून. पण आडव्या गाडीत तोच कॅस्टर नवख्याच्या हातांपेक्षा चपळ निघतो. शिकवणारे पहिल्या दिवशी ‘सोड, सोड’ म्हणून ओरडत असतात ते यासाठी.

तरीही ही अवस्था टिकाऊ नाही. पाय किंचित जास्त दाबला तर गाडी भोवऱ्यात जाते, किंचित कमी पडला तर झटक्यात सरळ होते. गणिती भाषेत याला अस्थिर समतोल म्हणतात, आणि तो इतका नाजूक आहे की अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांना त्याची भुरळ पडली. त्यांनी एका जुन्या डीलोरियन गाडीत विजेच्या मोटारी आणि संगणक बसवला आणि २०१५ मध्ये तिला माणसाने न चालवता गोल-गोल ड्रिफ्ट करायला लावलं. नाव ठेवलं मार्टी. डीलोरियन म्हटल्यावर ‘बॅक टू द फ्यूचर’च्या नायकाचं नाव ठेवायचा मोह कुणाला आवरेल! २०१९ मध्ये हीच गाडी साधारण एक किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग आडवी होत, शंकूंमधून वाट काढत गेली. २०२४ मध्ये टोयोटाच्या संशोधन संस्थेबरोबर त्यांनी दोन सुप्रा गाड्या माणसाने न चालवता एकीमागून एक ड्रिफ्ट करून दाखवल्या. हेतू करमणुकीचा नव्हता. बर्फावर किंवा ओल्या रस्त्यावर गाडी घसरली तर तिला सावरणारी यंत्रणा घडवायची, तर घसरलेल्या अवस्थेतही गाडी ताब्यात ठेवता येते हे आधी संगणकाला शिकवलं पाहिजे.

संगणक सेकंदात कितीतरी वेळा दुरुस्ती करू शकतो. माणसाला तेवढी घाई जमत नाही, म्हणून त्याला गाडीकडूनच वेळ मागून घ्यावा लागतो. तळहातावर लांब काठी उभी धरणं सोपं असतं आणि पेन्सिल उभी धरणं जवळजवळ अशक्य, हे लहानपणी सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं. दोन्ही पडणारच आहेत, पण काठी सावकाश पडते आणि तेवढ्यात हात सरकवता येतो. गाडीतली ही काठीची लांबी म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, व्हीलबेस. माझदाची एमएक्स-५ ही दोन माणसांची चिमुकली गाडी घ्या. तिच्या १९८९ च्या पहिल्या पिढीचा व्हीलबेस २२६५ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूच्या ई३६ पिढीच्या थ्री सीरीजचा २७००. फरक अर्ध्या मीटरहून कमी, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा. एमएक्स-५ चूक झाल्याची सूचना देते आणि सूचना पोचायच्या आत फिरून उलटी उभी राहते. बीएमडब्ल्यू सुटू लागते, तुम्ही चुकलात हे तुमच्या लक्षात येतं, तुम्ही पाय उचलता, आणि गाडी माफ करते. नवख्यासाठी गाडी निवडायची म्हणजे चूक आणि फिरकी यांच्यामधला हा वेळ विकत घ्यायचा. बाकीचे निकष त्याच्यामागून येतात.

मग प्रश्न पडतो, की ही विद्या ज्या गाडीवर वाढली ती तर आखूड होती, ती कशी चालली?

ती गोष्ट जपानमधली. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा शर्यतपटू निसान स्कायलाइन वळणात मुद्दाम घसरवत न्यायचा. हा मूळचा मोटरसायकलवाला. १९६१ मध्ये मोटरसायकलची जागतिक ग्राँ प्री शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. त्याच्या या घसरणीने वेडावलेला नागानो प्रांतातला एक तरुण, केइची त्सुचिया, रात्री घाटांत तेच करायला लागला. पुढे तो ‘ड्रिफ्ट किंग’ झाला. १९८७ मध्ये त्याची घाटातली करामत ‘प्लसपी’ नावाच्या व्हिडिओत आली आणि जपानभरची पोरं वेडी झाली. त्याची गाडी होती टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो, एई८६. जेमतेम ९५० किलोची, १६०० सीसी इंजिनाची, १३० अश्वशक्तीची.

या गाडीचा जन्म हाच एक मजेदार अपघात आहे. १९८३ मध्ये टोयोटाने कोरोला मालिकेतल्या घरगुती गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या केल्या, पण दोन दारांच्या खेळकर आवृत्तीसाठी आधीच्या पिढीची मागची चाकं फिरवणारी चासी तशीच ठेवली. म्हणजे एई८६ ही जुन्या जमान्यातली राहून गेलेली वस्तू. त्यात एक जोशिलं इंजिन बसलं. आणखी एक योगायोग पाहा. त्याच १९८३ च्या डिसेंबरात आपल्याकडे मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तीही पुढची चाकं फिरवणारी होती. जगभर छोट्या गाड्या मागची चाकं सोडून पुढच्यांकडे चालल्या होत्या, कारण त्यात जागा वाचते, वजन वाचतं, इंधन वाचतं. एई८६ त्या लाटेतून निसटली.

ताकद कमी, म्हणून त्सुचियाला वेग घालवणं परवडत नसे. ब्रेकच्या ठोक्याने वजन पुढच्या चाकांवर टाकायचं, हलकं झालेलं बूड वळणाच्या तोंडावरच सोडून द्यायचं आणि साठवलेल्या वेगावर वळण काढायचं. आखूड, हलकी आणि अशक्त गाडी माणसाला असं घडवते, पण घडवताना शिकवणीही जबर घेते. शिवाय तो रस्ता आता पैशांनीही बंद झाला आहे. १९९५ पासून शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा येऊ लागली. तिचा नायक गुन्मा प्रांतातल्या घाटात वडिलांच्या दुकानाचं तोफू पोचवताना ट्रुएनो चालवतो. ती मालिका २०१३ पर्यंत चालली, तिच्यावर कार्टून मालिका निघाल्या, आणि भंगारात निघालेली एई८६ संग्राहकांच्या गॅरेजात जाऊन बसली. आज ती घेऊन ड्रिफ्ट शिकायचं म्हणजे पैठणीने ओटा पुसण्यातला प्रकार.

निसान सिल्व्हियाचंही तेच झालं. १९८८ ची एस१३ पिढी जपानमध्ये तरुण-तरुणींनी फिरायला जायची देखणी गाडी म्हणून खपली आणि त्या वर्षीची ‘कार ऑफ द इयर’ही ठरली. पुढे जपानी नियमांनी तिला गरिबांच्या हाती दिलं. तिथे नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तिला शाकेन म्हणतात आणि ती खर्चिक असते, त्यामुळे लोक गाड्या लवकर विकून मोकळे होतात. १९९० च्या दशकात हजारो सिल्व्हिया मातीमोल भावात बाजारात आल्या: मागची चाकं फिरणारी, टर्बो इंजिनाची, २४७५ मिलिमीटर व्हीलबेसची, ना फार आखूड ना फार लांब. विद्यार्थ्यांनी त्या घेतल्या, ठोकल्या, पुन्हा ठोकून सरळ केल्या. त्यातच अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी गाडी सुरक्षा नियमांची फारशी कटकट न होता आयात करता येते. १९८८ ची गाडी २०१३ मध्ये त्या उंबरठ्यावर आली आणि जपानी लिलावांत अमेरिकी डॉलर शिरले. बऱ्याचशा कठड्याला लागून संपल्या, काही परदेशी गेल्या, ज्या उरल्या त्यांचे भाव आभाळाला भिडले. म्हणून कुणी आज नवख्याला ‘पहिली गाडी सिल्व्हियाच घे’ म्हणत असेल तर तो जुन्या प्रेमाने बोलतो आहे, हिशेबाने नाही.

आजच्या हिशेबात माझं मत बीएमडब्ल्यूला. १९९० मध्ये आलेली ई३६ किंवा १९९८ ची ई४६, सहा सिलिंडरची, ३२८ वगैरे. साधारण १९३ अश्वशक्ती, वजन दोन्ही धुरांवर जवळजवळ समसमान, आणि लाखोंच्या संख्येने बनलेली असल्यामुळे युरोपात प्रत्येक भंगारवाल्याकडे तिचं दार, बंपर, चाकाचा हात मिळतो. नवख्याने गाडी ठोकायची हे ठरलेलंच आहे, तर सुटे भाग कुठे आणि किती लवकर मिळतात याला ताकदीपेक्षा जास्त महत्त्व. अमेरिकेत हाच विचार निसान ३५०झेडकडे नेतो. ती २००२ ची, ३५०० सीसीचं टर्बो नसलेलं व्ही६ इंजिन, २६५० मिलिमीटर व्हीलबेस. साडेतीन लिटरमुळे ती जरा जास्तच दांडगी, टायरही मोठे मागते, पण तिकडे मुबलक आहे. इंग्लंडमध्ये लेक्सस आयएस२०० वर पुष्कळ जण शिकतात. जपानमध्ये तीच टोयोटा अल्टेझा. युरोपातली आयएस२०० दीडशेच्या आसपास अश्वशक्तीची, म्हणजे सुस्त, आणि गाडी सुस्त असली की माणसाला विचार करायला उसंत मिळते. एमएक्स-५ माझी आवडती आहे, पण दुसरी गाडी म्हणून.

टर्बो का नको? उसंतीचंच कारण. टर्बो इंजिनात पाय दाबल्यावर जोर यायला थोडा वेळ लागतो आणि आला की एकदम येतो. अस्थिर समतोलावर उभ्या असलेल्या गाडीत उत्तर उशिरा आलं म्हणजे ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर झालं. तोवर परिस्थिती बदललेली असते. टर्बो नसलेलं इंजिन पायाशी इमानदार असतं.

ताकद कमी असताना मागची चाकं सुटणार कशी? इथे क्लच किक येते, आणि म्हणूनच हाताचे गिअर लागतात. दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरायचं, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवायचा, क्लच क्षणभर दाबायचा. इंजिन मोकळं झाल्याबरोबर त्याचे फेरे उसळतात आणि फ्लायव्हील नावाचं जड चक्र त्या उसळीतली ऊर्जा आपल्यात साठवून घेतं. लगेच क्लच सोडला की ती साठवण एका धक्क्यात मागच्या चाकांवर आदळते आणि टायर सुटतात. एवढ्या छोट्या इंजिनाला क्षणभर का होईना, स्वतःच्या ऐपतीबाहेरचा जोर काढता येतो. क्लचची तब्येत त्यात ढासळते, तो भाग वेगळा. क्लच प्लेट हा इथे खर्चाचा नित्यनेम.

आता बुडाखाली वाकून पाहू, कारण स्वस्त ड्रिफ्ट गाडीचं सगळ्यात मोठं गुपित तिथे आहे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी डबा असतो. त्यात क्राउन आणि पिनियन, आणि त्यांच्या पोटात चार छोटे दातेरी गिअर. हे डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त लांबचा फेरा पडतो, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हे त्या चार गिअरांचं काम. रोजच्या वापराला ते वरदान आहे. ड्रिफ्टमध्ये तेच आड येतं. गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, आतलं चाक हलकं होतं, आणि डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देत असल्यामुळे हलक्या चाकाला झेपेल तेवढाच जोर जड चाकालाही मिळतो. आतलं चाक एकटंच गरगरत धूर काढतं. बाहेरच्याला सुटण्याइतका जोर मिळत नाही, ते रस्ता धरून ठेवतं, आणि गाडी निमूटपणे सरळ होते.

यावर सभ्य उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. त्यात चकत्यांची थप्पी असते, ती दोन्ही चाकांना एका हद्दीपलीकडे वेगळं होऊ देत नाही. चांगलं घ्यायचं तर ते जुन्या गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याएवढं पडतं. असभ्य उपाय म्हणजे वेल्डिंग. डबा उतरवायचा, तेल काढायचं, मागचं झाकण खोलायचं, ते चार गिअर स्वच्छ धुवायचे (तेलाचा अंश राहिला तर वेल्ड धरत नाही), आधी गरम करायचे आणि मग दात दातांत गुंतवून कायमचे सांधून टाकायचे. आत उडालेले वेल्डिंगचे मणी एकेक टिपून काढायचे, नाहीतर तेच पुढे क्राउनचे दात खातात. नवं तेल, झाकण बंद. एका संध्याकाळचं काम. आता दोन्ही मागची चाकं जन्मभर एकाच गतीने फिरणार, म्हणजे सुटली तर दोन्ही एकदम आणि धरली तरी दोन्ही एकदम. नवख्याला हाच अंदाज हवा असतो. रस्त्यावर मात्र अशी गाडी चालवणं वैताग आहे. प्रत्येक वळणावर टायर कुरकुरतो, धुरांवर ताण येतो. अनेक देशांच्या तपासणीत ती पासही होत नाही, म्हणून ट्रेलरवर लादून ट्रॅकवर नेतात.

आपल्याकडच्या गो-कार्टलाही डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एका सलग दांड्यावर बसवलेली असतात. म्हणजे कार्ट ही जन्मतःच वेल्ड केलेली, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. बूड सुटलं म्हणजे पाठीच्या कण्याला काय कळतं, हे महाराष्ट्रात बसून शिकायचं असेल तर याहून स्वस्त आणि कायदेशीर वाट मला दिसत नाही. दुसरी वाट खोलीतली. ‘असेटो कोर्सा’सारखा सिम्युलेटर आणि जोर परत देणारं स्टिअरिंग. चाक सोडायचं आणि त्याने स्वतः फिरायचं, ही वर सांगितलेली गंमत त्यात बरीचशी खरी उतरते.

गाडीचं मात्र इथे अवघड आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाड्या आपल्याकडेही होत्या. अ‍ॅम्बॅसेडर होती, काँटेसा होती, आणि कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी तर मुंबईची टॅक्सीच होती. ती शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता परवडण्याजोगी रिअर व्हील ड्राइव्ह म्हटलं की समोर येतात त्या ईको, बोलेरो, जुनी सुमो अशा उंच गाड्या. त्यांचा गुरुत्वमध्य वर असतो, आणि आडव्या चालीत टायरने मध्येच रस्ता पकडला की अशी गाडी घसरायची थांबून थेट कलंडते. हा प्रयोग कुणी मोकळ्या रिंगरोडवर रात्री करत असेल तर त्याला ड्रिफ्टिंग म्हणू नये. धोकादायक रीतीने गाडी हाकण्यासाठी मोटार वाहन कायद्यात १८४ वं कलम आहे आणि ते रास्त आहे.

परदेशात असलेल्या आणि खरोखर गाडी घ्यायला निघालेल्या वाचकासाठी पैशांचं थोडं. हातात जेवढी रक्कम असेल तेवढ्याची गाडी घेऊ नये. अर्धी रक्कम बाजूला ठेवावी, कारण गाडी एकदाच घ्यायची असते आणि टायर जन्मभर. मागचा टायर एका दिवसात गोटा होतो. इथे एक उलटं शहाणपण चालतं: पुढे चांगले टायर, मागे इतरांनी काढून टाकलेले. मागची पकड जितकी कमी तितक्या कमी वेगात गाडी सुटते, आणि वेग कमी म्हणजे पुन्हा तेच, विचाराला वेळ. टोयोटाने २०१२ मध्ये एई८६ ची आठवण म्हणून जीटी८६ काढली तेव्हा तिला मुद्दाम मिशलिन प्रायमसी हे मवाळ टायर दिले. ते प्रियससारख्या काटकसरी गाडीवरही यायचे. स्पोर्ट्स कारला असे टायर का, म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. ज्यांनी ती वळणात नेली त्यांना लगेच कळलं. याच तत्त्वावर शिकवणीच्या जागी डांबर पाण्याने भिजवून ठेवतात. ओल्यात सायकलपेक्षा थोड्या जास्त वेगातही बूड सुटतं, टायर फारसा झिजत नाही आणि चुकलं तरी गाडी सहसा कशाला आदळत नाही.

पहिल्या खर्चांत दिखाऊ काही नसावं. आधी घट्ट धरणारी बकेट सीट, कारण ढिल्या सीटवर माणूस स्टिअरिंगला लटकतो, आणि लटकलेले हात चाक सोडू शकत नाहीत. मग डिफरन्शियल. मग थंड ठेवण्याची व्यवस्था. आडव्या गाडीच्या रेडिएटरवर वारा समोरून येत नाही आणि इंजिन तर सतत चढ्या फेऱ्यांवर. ई३६ मध्ये कूलंटच्या वाटेवर प्लॅस्टिकचे भाग आहेत, जुने झाले की तडकतात, ते आधीच बदलावेत. ई४६ घेताना डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा टॉर्चने पाहावा. मागची धुरा जिथे चासीला जोडलेली असते तिथे या पिढीत तडे जातात, आणि क्लच किकचे धक्के बरोबर त्याच जागी पोचतात. हँडब्रेकचं बटण काढून तो अडकणारच नाही असा सुटा करण्याची जपानी पोरांची युक्ती आहे. ओढला की लागतो, हात सैल झाला की सुटतो. किंमत चहापाण्याएवढी, उपयोग पहिल्याच दिवसापासून.

आणि विकणारा शपथेवर सांगेल, की गाडी घरातली आहे, बायको भाजी आणायला नेते, ट्रॅक तिने पाहिलेलाही नाही. त्याला म्हणावं, बरं, या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने एक फेरी मारा. आपण बाहेर उभं राहून मागच्या चाकांकडे पाहावं. आतला टायर कुचकुच आवाज करत, बारीक उड्या घेत आला तर त्या डब्यात बहुधा वेल्डिंग झालेलं आहे. आपलं एक काम आयतंच झालं, आणि भावही आता आपण सांगायचा.